जबलपूरहून आणलेला फौजी ट्रक

३ फेब्रुवारी, सोमवार. जबलपूर

ट्रक बघितला. केवढा उंच! चाकच माझ्या कमरेच्या वर. डेपोच्या आवारात असलेच कितीतरी ओळीनं उभे, सगळे हिरवे, धूळ खात. आपला कोणता ते कागदावरच्या नंबरावरून शोधलं. थावराभाऊंनी इंजिन चालू केलं, वाकून वाकून बघितलं. म्हणाले, "वैनी, म्हातारा हाय, पण दम हाय त्याच्यात. घरापोत नेतो."

हा ट्रक ह्यांनी लिलावात घेतला. उभी नोकरी फौजेत असलेच ट्रक चालवले. पेन्शनीवर आल्यापासून एकच ध्यास — आपला एक असावा, डोंगरकडा गावची केळी न्यावी, हळद वसमतला न्यावी. पैसे भरले आणि पुढच्याच आठवड्यात अर्धं अंग गेलं. उजवा हात, उजवा पाय. वाचाही गेली. ट्रक उचलायची मुदत संपत आली तसे दीर उद्धव म्हणाले, "सोडून द्या वहिनी. आता चालवणार कोण?"

सोडून दिलं न्हाई. काहून, ते मलाही धड सांगता येत नाही. तांड्यावरच्या थावराभाऊंना ड्रायव्हर म्हणून घेतलं आणि आले.

४ फेब्रुवारी

हिरवा रंग बाहेर चालत नाही म्हणे, तो फौजेचा. पेंटरकडे तयार होता तो निळा मारला. संध्याकाळी मलाच आपला ट्रक ओळखू येईना. ह्यांना कसा येईल?

५ फेब्रुवारी. सिवनी

निघालो एकदाचे. आवाज एवढा की बोलणंच होत नाही. थावराभाऊ तसेही कमी बोलतात.

मुक्कामाला पोचल्यावर घरी फोन केला. नणंद, द्वारकाअक्का, ह्यांच्याजवळ राहिल्यात. त्यांनी फोन ह्यांच्या कानाला लावला. मी सांगत राहिले — रस्ता कसा, ट्रक चढावर कसा कण्हतो, इथल्या चहात आलं किती. तिकडून नुसता श्वास.

पूर्वी उलटं होतं. हे लेहहून फोन करायचे, बर्फाचे रस्ते सांगायचे. सासूबाई शेजारी उभ्या. मला बोलताच यायचं नाही. "हं" म्हणायची नुसती. ह्यांना तेव्हा कसं वाटत असेल, ते आज कळलं.

६ फेब्रुवारी

घाटात पाण्याचा पाइप फुटला. बोनेटमधून वाफच वाफ. थावराभाऊ एका ट्रकवाल्याबरोबर पाइप आणायला माघारी गेले. मी दिवसभर केबिनमध्ये एकटी. दोन्हीकडं सागाचं जंगल, फोनला रेंज नाही. माकडं बोनेटवर येऊन बसली, माझ्याकडं बघून गेली.

दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी हाक मारत नव्हतं. ह्यांची कूस बदलून द्यायची नाही, औषध भरवायचं नाही. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचंच रडू आलं. पदरात तोंड घालून रडले — कोण बघणार होतं म्हणून पदर, कुणास ठाऊक.

ऊन कलल्यावर थावराभाऊ आले. येताना केळी घेऊन आले होते माझ्यासाठी. आपल्यासारखी गोड नव्हती.

७ फेब्रुवारी

नागपूर मागं टाकलं. ढाब्यावर भाकरी थापणाऱ्या बाईनं विचारलं, "मालक कुठं हायेत?" म्हटलं, घरी. "लेकरं?" म्हटलं, न्हाई. तिनं वाटीत अजून एक पळी भाजी वाढली. माझ्यानं ती संपेना.

फोन केला. आज फार बोलले नाही. काय बोलायचं?

८ फेब्रुवारी. उमरखेडच्या अलीकडं

थावराभाऊंचे खांदे भरून आलेत. स्टिअरिंग जड आहे, वळवायचं म्हणजे आडातून पोहरा ओढल्यासारखं. जुन्या, मोकळ्या रस्त्यावर गाडी उभी करून म्हणाले, "वैनी, टॅक्टर चालवता नं? बसा."

म्हटलं, ट्रॅक्टरचं लायसन आहे, ह्याचं न्हाई.

"इथं कोणी न्हाई. शिकून तर घ्या."

बसले. क्लच दाबताना सीटवरून उठावं लागलं. दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा सुटला. हळूहळू, तुरीच्या वाळल्या रानाजवळून, चालला! मी चालवला. थावराभाऊ म्हणाले, "बराबर." त्यांचं एवढंच.

ह्यांना फोनवर सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. आपल्या ट्रकवर दुसरं कुणी बसलं, तेही बायको — ह्यांच्या मनाला लागलं तर? बोलून दाखवायची सोय नाही त्यांना.

९ फेब्रुवारी. घर

वारंगा फाट्यावरून आत वळलो. गल्लीत माणसं गोळा झाली. अक्कांनी ह्यांना ओसरीवर खुर्चीत बसवलं होतं, इस्त्रीचा सदरा घालून.

ह्यांनी ट्रककडं बघितलं. कितीतरी वेळ. मग तोंड भिंतीकडं फिरवलं.

उद्धव हळूच म्हणाले, "म्हटलं होतं न मी. त्यांना तकलीफच झाली."

माणसं पांगली. मी ह्यांचा सदरा बदलला. डोळे मिटूनच होते.

१० फेब्रुवारी

जेवले नाहीत. मीही नाही. ट्रक दारात उभा. गिऱ्हाईक बघायला उद्धवना सांगावं म्हणते.

११ फेब्रुवारी

सकाळी ह्यांनी डाव्या हातानं दाराकडं दाखवलं. दाखवतच राहिले. थावराभाऊ ट्रक बघायला आलेलेच होते. त्यांनी नि उद्धवनी ह्यांना उचलून नेलं, स्टिअरिंगच्या बाजूनं वर चढवायला लागले. तर हे मान हलवायला लागले. आणि शब्द फुटला — "न्हाई." अक्कांच्या हातातला तांब्या पडला. दुसऱ्या बाजूनं बसवलं तसे गप्प झाले. मग स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटवर हात थापटला, माझ्याकडं बघत.

मी चढले. मळ्याच्या बांधापोत जाऊन आलो. वळणावर पुन्हा बोलले.

"हळू."