आभार मानायचे राहिलेले एक गृहस्थ

सौ. जयावन्सं यांस वहिनीचा नमस्कार. मोहटादेवीच्या कृपेनं इकडं सगळे धडधाकट आहेत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळवा. फोनवरच बोलले असते, पण घरात फोन एकच, तो तुमच्या दादांच्या खिशात असतो, आणि त्यांना तो स्पीकरवर लावल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. भागूबाई उद्या डोळे दाखवायला नगरला येतेय, तिच्या हातीच देते. (तिकिटाचे पैसेही वाचले.)

तर, यंदा आपल्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. मी उभी राहणार हे मला मात्र गिरणीत कळलं, दळण टाकताना. घरी येऊन तुमच्या दादांना विचारलं, तर म्हणाले, "तू फक्त सह्या करायच्या. बाकी मी आहे ना!" आणि खरंच, सुताराकडं एक खुर्ची करायला टाकलेलीसुद्धा होती. हातांची, उंच पाठीची. मी बसले तर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. माप कुणाचं घेतलं होतं ते तुम्ही ओळखालच.

गावाला आपण सुधारक दिसावं म्हणून त्यांनी विद्यापीठाचं व्याख्यान आणवलं. विद्यापीठातले शिकवणारे लोक गावोगाव येऊन सगळ्यांसाठी बोलतात, तसलं. विषय होता 'स्त्रिया, सत्ता आणि सामाजिक परिवर्तन'. फलकावर विषय बोटभर आणि तुमच्या दादांचा फोटो ट्रॅक्टरच्या चाकाएवढा. (फलक मी जपून ठेवलाय. पावसाळ्यात कडब्यावर टाकायला चांगला.) पाहुण्या होत्या प्राध्यापिका यशोधराबाई. फार गोड बाई. त्यांना पांघरलेली शाल तुमच्या करणच्या लग्नात मला आलेली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. रागावू नका, विद्येच्याच अंगावर गेली.

बाई बोलल्या सुरेख. कीर्तनाची सवय असल्यामुळं मागच्या बायकांनी दोनदा मधेच टाळ्यांचा ठेका धरला, तरी त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, कित्येक गावांत निवडून येते बायको आणि कारभार करतो नवरा. ग्रामसभेत तोच बोलतो, तिनं घरी चहा टाकायचा. अख्खा मांडव वळून तुमच्या दादांकडं बघायला लागला. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या त्यांनीच वाजवल्या. त्यांना ते दुसऱ्या कुठल्या तरी गावाचं वाटलं.

शेवटी आभार. ते माझ्याकडं होते, म्हणजे कागद त्यांनी लिहिलेला आणि आवाज माझा. कागदाची शेवटची ओळ लाल शाईत होती: 'आणि शेवटी, ज्यांच्या अथक परिश्रमांमुळे' वगैरे, आणि पुढं त्यांचं नाव, आडनावासकट. आता वन्सं, तुम्हाला ठाऊक आहे, लग्न झाल्यापासून मी ते नाव कधी उच्चारलेलं नाही. राशनच्या दुकानातसुद्धा कार्ड पुढं करते. सासूबाईंचं म्हणणं, बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. आणि सासूबाई पहिल्या रांगेत, बरोबर माझ्यासमोर, काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या.

मी सुरुवात केली. देवाचे मानले, बाईंचे मानले, मांडववाल्याचे, माईकवाल्या पंकजचे, हेडमास्तरांचे, आणि दोन तास न भुंकल्याबद्दल शाळेच्या कुत्र्याचेही मानले. (ते कागदावर नव्हतं, पण खरं ते खरं.) मग म्हटलं, "आणि शेवटी..." तुमच्या दादांनी जाकिटाचं बटण लावलं, हात जोडले आणि नमस्कार घ्यायला खुर्चीतून अर्धे उठले. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "...आणि शेवटी, चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये."

ते तसेच राहिले. धड उभे नाहीत, धड बसलेले नाहीत.

यशोधराबाईंनी धावत येऊन माईक घेतला. म्हणाल्या, इतकी वर्षं मी परिवर्तनावर बोलते, आज ते डोळ्यांनी पाहिलं. या ताईंनी भर सभेत नवऱ्याचं नाव गाळून दाखवलं! बायका उठून उभ्याच राहिल्या. सुमनबाई मागून ओरडली, "आमी हिलाच मत देनार! हिलाच बरं का, जोडीला कुनी न्हाई!" घरी सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. सून मर्यादेची निघाली म्हणून. एकाच गोष्टीसाठी दोघींनी पाठ थोपटली, आणि खरं काय ते मी दोघींनाही सांगितलं नाही.

तुमचे दादा तेव्हापासून रुसलेत. भाकरी खातात, पण भिंतीकडं तोंड करून. त्यात आता बायका नळाचं, गटाराचं गाऱ्हाणं घेऊन दारात येतात. हे ओट्यावरून म्हणतात, "मला सांगा की!" त्या म्हणतात, "तुमाला न्हाई भाऊ, बाईंनाच सांगायचं हाय," आणि सरळ चुलीपाशी येतात. सुताराकडं मी निरोप धाडलाय, खुर्चीचे पाय चार बोटं काप म्हणून.

मुलांना आशीर्वाद, भावजींना नमस्कार. देवापुढं माझ्या नावानं एक उदबत्ती लावा.

तुमची वहिनी,
सौ. अश्विनी

ता. क. मुख्य राहिलंच. मतदानापर्यंत दादांना तुमच्याकडं ठेवून घ्या. बहिणीनं भावाचं माहेरपण केलं तर काय बिघडलं? घराचं रंगकाम काढलंय, मजुरांवर नजर ठेवायला विश्वासाचं माणूस हवं, असं कळवा. नजर ठेवायची म्हटलं की ते लगेच निघतील. रंगकाम खरोखर काढू नका, उगाच खर्च.

ता. क. दुसरा. तुम्ही विचाराल, उखाण्यातून का नाही घेतलं नाव? हळदीकुंकवाला घेतेच की, आणि उखाण्याला सासूबाईंचीही हरकत नसते. खरं सांगते, त्या दिवशीही एक तयार होता, अगदी ओठांवर. पण तो निकालाच्या दिवशीसाठी राखून ठेवलाय. तोवर दादांना ऐकवू नका:

देवापुढं समई लावते, वात करते नीट,
गहिनीनाथरावांना ग्रामसभेत पहिल्या रांगेतली सीट.