डावी नळी

सेरंगून, सिंगापूर
२८ ऑगस्ट २०२५

चि. पद्माकर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नीलिमानं तांजोंग पगारच्या ऑफिसातून आल्या आल्या वाचून दाखवलं आणि हेही तीच लिहून घेते आहे. सुनेला तासभर गप्प बसवायचं तर तिला पत्र सांगावं, हा उपाय मला फार उशिरा सापडला. हे वाक्य लिहू का, असं तिनं विचारलं. लिही म्हटलं. फोन करत नाही, कारण नावडतं काही कानावर पडलं की तुझ्या गावची रेंज जाते.

तर बाबांची आखूड काडतुसं संपली. गेल्या दसऱ्याला शेवटचं फुस्स झालं आणि वेशीवर कुणीतरी म्हणालं, पाटलांना ठसका लागला. म्हणून तू पुण्याच्या दुकानातून नवी, लांब काडतुसं मागवलीस. टक्कन बसली, बंदूक बंदही झाली. शाबास.

तुझा हा पराक्रम मी जेवताना सांगितला, तर आमच्या अश्विनचा घास हातातच राहिला. हा माझा नातू सुटीच्या दिवशी इथल्या क्लबात जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या बशा बंदुकीनं फोडतो. बाबा निदान कालवणापुरते तितर तरी आणायचे. पण पोराला त्यातलं कळतं. तो म्हणतो, तितरांमागे दिवसभर डोंगर तुडवायचा म्हणून त्या जुन्या बंदुका मुद्दाम हलक्या करत. हलकी हवी म्हणून नळी पातळ, आणि काडतूस बसतं ती खोबणही आखूड. नव्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आत मावतं. बार होताना तोंड उलगडतं, आणि तिथं उलगडायला जागाच नसते. मग सगळा जोर त्या पातळ नळीवर. आणि नळीखाली डावा हात असतो. तुझा.

तेव्हा यंदा बार नको. खंडेनवमीला बंदुकीची पूजा कर, झेंडू वाहा आणि ठेवून दे. माझ्या भावजयीला, सुरेखाला आशीर्वाद. माझा लोभ कमी होणार नाही, तू बोटं कमी होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का

माळवाडी, ता. माण
८ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास पद्माकरचा शि. सा. न. वि. वि.

सिंगापुरात सतराव्या मजल्यावर बसून तुला आमच्या बंदुकीची खोबण दिसते, हे वाचून अभिमान वाटला. चि. अश्विनला सांग, बशा फोडायचा अनुभव आमच्या घरातही आहे, त्याच्या आजीच्या भावजयीला विचार.

थट्टा पुरे. तुला रीत माहीत आहे. शिलंगणाला आपला बार झाल्याशिवाय गावात कुणी आपट्याला हात लावत नाही. गेल्या वर्षी फुस्स झालं, तेव्हा माणसं थोडी थांबली आणि मग माझ्याकडे न बघता एकेक करून निघाली. ठसका म्हणणारा हसला, त्याचं काही नाही. बाकीचे हसले नाहीत, ते लागलं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. अजून किती दसरे राहिले? त्यातला एक असा गेला, दुसरा जाऊ देणार नाही.

बंदूक माझी, लायसन माझं आणि डावा हातही माझा. काळजी नसावी. भाच्याला, चारुदत्तला आशीर्वाद.

तुझा पद्माकर

सेरंगून, सिंगापूर
१७ सप्टेंबर २०२५

चि. पद्माकर यास आशीर्वाद, यावेळी जरा हात राखून.

बंदूक माझी, हे वाक्य मी नीलिमाला पुन्हा वाचायला लावलं. बाबा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. जमीन, विहीर, घर, सगळं तुला. तू मला हिरवी साडी दिलीस. मी हक्क सोडला, तिनं पहिल्या धुण्यात रंग सोडला. माझी तक्रार नाही. पण त्या कागदात बंदूक नव्हती. लायसन तुझ्या नावावर करताना मी वेगळा अंगठा दिला, तो हरकत नाही एवढंच सांगायला. बंदूक दिली, असं मी कधी म्हटलं? नीलिमा हिशेबाच्या कामातली आहे. तिच्या मते दोन वारस आणि दोन नळ्या, यात अवघड काही नाही.

डावी नळी माझी. उजवीचा बार झाला की डावीलाही हादरा बसतो, म्हणून मला विचारल्याशिवाय उजवीही उडवायची नाही. आणि अंगठेबहाद्दर बाईचं कोण ऐकतं, असं मनात आणू नकोस. इथल्या विमानतळावर मोठमोठे साहेब टाय लावून यंत्रावर अंगठा ठेवतात, तेव्हा कुठं दार उघडतं. शिकून शेवटी माझ्याच रांगेत आले.

आता खरं सांगते. बाबांनी मारलेले तितर निवडायला माझ्यापुढे यायचे. मांसात बोटं घालून मी छर्रे काढायची, तरी एखादा दाताखाली यायचाच. तुझ्या हातातून काही निवडून काढायची वेळ आली, तर मी तिथं नाही.

हे सुरेखाला मोठ्यानं वाचून दाखव. विसरशील म्हणून याचीच एक प्रत नीलिमानं तिच्या नावानं वेगळ्या पाकिटात घातली आहे. लोभ राहू दे, राग आला तरी.

तुझी अक्का, डाव्या नळीची मालकीण

माळवाडी, ता. माण
४ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

सुरेखाचं पाकीट माझ्या पाकिटाच्या आदल्या दिवशी पोचलं. पोस्टानंही तुझीच बाजू घेतली. काडतुसं कुठं ठेवली, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. पिठाच्या डब्यात नाहीत, मी पाहिलं.

मग तिनंच तोड काढली. मी रिकामी बंदूक घेऊन वेशीवर जायचं, ती खांद्याला लावायची, आणि त्याच क्षणी हिनं निवडुंगामागे सुतळी बॉम्ब लावायचा. हिला वातीचा अंदाज नाही. बंदूक उघडी, बगलेत, झेंडूची माळ लोंबते आहे आणि मी नाक शिंकरतो आहे, अशा वेळी बार झाला. एवढा मोठा आवाज बाबांच्या काळातही झाला नसेल.

तेवढ्यात माळावरच्या गवतातून तितर भुर्रकन उठले, एवढे की सगळ्यांच्या माना वर. शिकार बंद झाल्यापासून ते आपल्या बांधाला इतके वाढलेत, हे मला ठाऊकच नव्हतं. ते टेकाडापलीकडे उतरेपर्यंत कुणी हललं नाही. मग गेल्या वर्षीचाच तो ठसकेवाला म्हणाला, पाटलांची बंदूक आता नुसत्या शिंकेनं वाजते. सगळे हसले. मी तर डोळे पुसेपर्यंत हसलो. आणि मग सगळे आपट्याकडे धावले. यंदा सोनं मी दोन्ही हातांनी वाटलं.

आता झालं ते झालं. डाव्या नळीवरचा हक्क सोड, दिवाळीला पक्क्या रंगाची साडी पाठवतो. लोभ आहेच, पुरावा मागू नकोस.

तुझा पद्माकर

सेरंगून, सिंगापूर
१४ ऑक्टोबर २०२५

चि. पद्माकर यास अक्काचे भरघोस आशीर्वाद, सुरेखाला त्याहून थोडे जास्त.

तुझं पत्र मी अश्विनकडून वाचून घेतलं, नीलिमा हसून हसून वाचू शकेना. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या उघड्या बाजारात, मैना टेबलावर येऊन ताटातला भात उचलतात आणि कुणी हुश म्हणत नाही. बाबांनी हे पाहिलं असतं तर त्यांना बंदुकीचं नक्की काय करायचं ते सुचलं नसतं. तुला सुचलं, सुरेखाच्या कृपेनं.

साडी पाठव. हक्क सोडणार नाही. दर दसऱ्याआधी तू पत्र लिहून परवानगी मागायची, मी नाही म्हणणार. पुढच्या वर्षी पुन्हा मागायची. तुझे किती दसरे राहिलेत ते मी विचारत नाही, माझे तुझ्याहून कमीच असणार. पण जेवढे आहेत, तेवढी पत्रं मला हवीत.

घरात शाईचा पॅड नाही, म्हणून नीलिमाच्या लिपस्टिकमध्ये अंगठा बुडवून खाली उमटवते आहे. नीट जपून ठेव. हा हरकतीचा आहे.

तुझी अक्का