गोपीनाथकाकांचा सल्ला

प्रिय साईनाथ,

तू पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसला आहेस आणि मी इकडे तुला पत्र लिहितोय. हसू नकोस. एका घरात राहून बापाने मुलाला पत्र लिहावं इतके काही आपण अबोल नाही. पण तोंडाने बोलायला गेलो तर मी मध्येच काहीतरी विनोद करीन, तू घड्याळ बघशील आणि विषय तिथेच राहील. तसं होऊन चालणार नाही, कारण विषय माझ्या नातीचा, सान्वीचा आहे. जूनमध्ये ती पहिलीत जाणार. दुपारी तिला सोसायटीच्या गेटवर बसमधून उतरवून घरी आणायचं काम ती नर्सरीत असल्यापासून माझं आहे. तुझी आई गेल्यावर माझं म्हणावं असं तेवढंच एक काम उरलंय. आणि गेला महिनाभर तुझी स्वप्ना फोनवर डे-केअरची चौकशी करते आणि मी खोलीत आलो की आवाज बारीक करते. मला वाटलं, पोरीला इंग्रजी बोलणारं कुणीतरी हवं असेल. राग आला होता, पण गिळला.

त्या पालकांच्या फेसबुक ग्रुपवर मी पडीक असतो हे तू रोज बघतोसच. वेळ जाईल म्हणून तूच घातलंस मला त्यात. एप्रिल संपत आला की ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सगळ्या आईबापांच्या अंगात शाळा येते. पुस्तकांना ब्राऊन पेपर घालावा की प्लास्टिक, यावर दोन बायका अशा भांडल्या की शेवटी ॲडमिनने कमेंट बंद केल्या. ठाकुर्लीच्या एका आईने भीत भीत विचारलं, की मुलगा अजून कधीतरी चड्डी ओली करतो, शाळेत काय म्हणतील. तर तिच्या प्रश्नाला बाजूला ठेवून लोक तिच्या संस्कारांवरच घसरले. एक बाप सकाळी लिहितो, सुट्टी संपतेय, सुटलो एकदाचे, आणि खाली नाचणारी चित्रं टाकतो. तोच संध्याकाळी विचारतो, पोरगी गेटवर रडली तर थांबायचं की मागे न बघता निघायचं. सगळे घाबरलेले असतात रे, म्हणून एवढे बडबडतात. मी जन्मभर वागळे इस्टेटच्या कारखान्यात सुपरवायझर. न विचारता सल्ला द्यायची खोड तिथलीच. मी उत्तरं द्यायला लागलो आणि बघता बघता सगळ्यांचा गोपीनाथकाका झालो. अमुक प्रश्नावर काका काय म्हणतात, असं लोक विचारायला लागले. मला ते फार आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

मेच्या सुरुवातीला तिथे एका माणसाने नाव लपवून एक प्रश्न टाकला. पुण्याचा आहे म्हणाला. त्याचे वडील नातवाला शाळेच्या बसवरून घरी आणायचे. मार्चमध्ये, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, त्यांनी नातवाला उतरवलं आणि घरी न येता त्याचा हात धरून थेट स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. शाळेला उशीर होतोय म्हणून पोराला घाई करत होते आणि त्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारत होते. पोरगं हुशार. त्याने गळ्यातलं ओळखपत्र कंडक्टरला दाखवलं आणि म्हणालं, माझ्या बाबांना फोन लावा. हा मुलगा ऑफिस टाकून धावत पोचला, तर वडील त्याच्याकडे बघून अदबीने म्हणाले, जरा सरकता का, मुलाला शाळेत सोडायचंय. संध्याकाळी मात्र ते अगदी ठीक होते. जेवले, बातम्या बघितल्या, आणि आज सगळे इतके गप्प का म्हणून विचारलं. आता शाळा सुरू होईल, त्यांना मी कसं सांगू, असा त्याचा प्रश्न होता.

खाली लोकांनी जे लिहिलं ते तू वाचलंयस. आश्रमात ठेवा. बाहेरून कडी लावा. असल्या माणसाच्या हातात पोर देणारे तुम्हीच गुन्हेगार. एकाने तर हसण्याचं चित्र टाकलं होतं. माझं डोकं फिरलं. त्या परक्या म्हाताऱ्याच्या वतीने मी तासभर एकेकाशी भांडलो आणि मग त्या मुलाला लांबलचक उत्तर लिहिलं. लिहिलं, की वडिलांना लहान मूल समजून फसवू नका. समोर बसवा आणि स्पष्ट सांगा. दोन दिवस ते धड जेवणार नाहीत, पण लपवाछपवी केलीत तर तो त्यांचा जास्त मोठा अपमान आहे. आणि नातवाला एकट्याला त्यांच्या हाती देऊ नका, एकदासुद्धा. शेवटी हेही लिहिलं, की त्यांच्या जागी मी असतो तर स्वतःहून बाजूला झालो असतो. त्याचं उत्तर आलं, धन्यवाद काका, प्रयत्न करतो. मी इतका खूश झालो की रात्री जेवताना तुम्हा दोघांना ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. स्वप्ना ताटातला भात चिवडत राहिली. तू म्हणालास, छान लिहिलंय बाबा, आणि पाणी आणायला म्हणून उठून गेलास. पाणी टेबलावरच होतं.

परवा सान्वी हॉलमध्ये बाहुल्यांची बस करून खेळत होती. सोफ्याच्या उशा म्हणजे सीटा, आणि मी ड्रायव्हर. एका बाहुलीच्या गळ्यात तिने आपलं जुनं ओळखपत्र अडकवलं आणि बारीक आवाजात म्हणाली, कंडक्टर काका, माझ्या बाबांना फोन लावा ना. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? तर पटकन तोंडावर हात ठेवून म्हणाली, आई बोललीय, त्याच्याबद्दल आजोबांशी बोलायचं नाही. मी हसत हसत काढून घेतलं तिच्याकडून. तेव्हा म्हणाली, आजोबा, तुम्ही मला सारखं साई साई बोलत होतात, मी किती वेळा बोलले, मी सान्वी आहे.

मग मी तो प्रश्न पुन्हा उघडून वाचला. मुलीचा मुलगा केलास, ठाण्याचं पुणं केलंस, बाकी सगळं तसंच. साई, मी खूप आठवून बघितलं. बस, कंडक्टर, तुझा घाबरलेला चेहरा, काही म्हणजे काही नाही. अंधुकसुद्धा नाही. आपल्याच घरातली गोष्ट मी परक्याची म्हणून वाचली, तिच्यावर हळहळलो आणि वर न्यायनिवाडा केला. आधी लाज वाटली. मग राग आला, तुझाच आला. हजारो अनोळखी लोकांना विचारलंस आणि दहा पावलांवर बसलेल्या बापाला नाही? पण मग ‘धन्यवाद काका’ या ओळीपाशी थांबलो. माझं नाव समोर दिसत असताना, हा माणूस स्वतःला ओळखत नाहीये हे कळत असताना, तू मला काका लिहिलंस. ते लिहिताना तुझं काय झालं असेल, हे मनात आलं आणि राग कुठल्या कुठे गेला. मला फक्त तुला जवळ घ्यावंसं वाटलं. तू तेव्हा ऑफिसला गेला होतास.

तर आता ऐक. सान्वीला आणायला मी जूनपासून जाणार नाही. डे-केअर ठरवा, लपून बोलू नका. डॉक्टरांची वेळ घे, मी मुकाट्याने येईन. एवढं सांगायला खरं तर पत्र नको होतं, पण आज जे मला पटलंय ते तेव्हा लक्षात असेल याची खात्री मला स्वतःलाच नाही. शाळा सुरू झाली की एखाद्या दुपारी मी चपला घालून दाराशी उभा राहीन. तू अडवलंस तर चिडेन, माझ्या नातीला मी आणणार, मला शिकवणारा तू कोण, असं काहीबाही बोलेन. तेव्हा माझ्याशी वाद घालू नकोस. हा कागद माझ्या हातात दे आणि वाचू दे. दुसऱ्या कुणाचं मी कधी ऐकलं नाही, पण माझ्या स्वतःच्या अक्षरातलं ऐकेन. आणि वाचून झाल्यावर मी मान वर करून विचारलं, की ज्याला हे लिहिलंय तो साईनाथ कुठे असतो, तर रडू नकोस. इथेच असतो म्हणून सांग, आणि माझ्या शेजारी बस.

आज अगदी पुरता शुद्धीवर असलेला, तुझाच
बाबा