डाव्या पेडलाबद्दल, रविवारच्या आत

आदरणीय भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घातला असं समजा. उजवा गुडघा वाकत नाही. का ते पुढे येईलच.) तुमची कंबर आणि धरणावरच्या खानावळीचं जेवण, दोन्ही आता सुधारली असतील अशी आशा. इकडे ताई मजेत आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, बाकी सगळ्यांशी बोलते. तुमच्या भिंगरीचा पुढचा दात पडला. तुम्हाला दाखवायला तिने तो काडेपेटीत ठेवलाय.

तर सायकल. तुम्ही जाताना मला बजावून गेलात, की मी रविवारी येईन तेव्हा लेक बाजूची छोटी चाकं काढलेल्या सायकलवरून कोपऱ्यापर्यंत मला घ्यायला आली पाहिजे. मी म्हणालो, त्यात काय एवढं! (हे वाक्य मी जिथे जिथे म्हणालो त्या त्या गावातून मला निघावं लागलंय. पंख्यांच्या कारखान्याचं तुम्हाला माहीतच आहे, आणि बेकरीचं ताईने सांगितलंच असेल, पण तिथे चूक भट्टीची होती. असो.) मागे एका प्रवासात ट्रक ड्रायव्हरने मला युक्ती सांगितली होती. लेकराला सायकल शिकवायची तर आधी दोन्ही पेडलं काढायची, म्हणजे ते पायाने जमीन ढकलत ढकलत तोल शिकतं, मग पेडलं लावायची. माणूस शहाणा. पण काढायचं सांगून झालं आणि कशी लावायची ते सांगायच्या आत माझं उतरायचं ठिकाण आलं.

पेडलं सायकलवाल्याने काढून दिली. भिंगरी शिकलीही झकास, उतारावरून पाय उचलून अशी सुटायची की कुत्री बाजूला व्हायची. मग परवा दुपारी ती झोपलेली बघून मी पेडलं लावायला घेतली. उजवं लोण्यासारखं बसलं. डावं बसेना. जोर लावला, पाना लावला, शेवटी पान्यावर उभा राहून उड्या मारल्या. पाना एकीकडे गेला, मी दुसरीकडे, आणि गुडघा अंगणातल्या नळावर. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, ते उलटं फिरवून बसवायचं असतं, हे मला सायकलवाल्याने नंतर सांगितलं. तोवर पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे आटे पार गेले होते. एवढ्या छोट्या सायकलचा दांडा त्याच्याकडे नाही.

भिंगरी डोळे चोळत बाहेर आली आणि दुसरं पेडल कुठंय म्हणाली. खरं सांगायलाच मी तोंड उघडलं होतं, भाऊजी, पण बाहेर पडलं ते असं, की पट्टीचे लोक एकाच पेडलावर चालवतात, दुसरं नवशिक्यांसाठी असतं. तिने सायकलकडे बघितलं, माझ्या गुडघ्याकडे बघितलं, आणि "बरं" म्हणाली. संध्याकाळपर्यंत ती चालवायला लागली! उजव्या पायाने रेटते, पेडल चपलेच्या टोकानेच वर उचलून घेते, डावा पाय हवेत ताठ.

इथवर ठीक होतं. पण गल्लीतली पोरं बघत होती. दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याच्या दुकानात रांग, काका, आमचं पण डावं काढा. संध्याकाळी शिंपीणबाई, कंपाउंडर आणि तिसऱ्या घरातल्या आजी पोरांची तक्रार घेऊन आपल्या दारात. "कोण तो पट्टीचा माणूस, बघू तरी," कंपाउंडर म्हणाला. पट्टीचा माणूस न्हाणीघरात कडी लावून बसला होता. आणि बाहेर भिंगरी उंबऱ्यावर उभी राहून त्या तिघांना ठणकावून सांगत होती, की माझा मामा खोटं बोलत नाही. मी बादलीत बघत बसलो. पाण्यातसुद्धा स्वतःचं तोंड बघवेना.

पत्र केवळ खुशाली कळवायला लिहिलं. मागणं काही नाही.

तुमचा,
(सही करायला लाज वाटते)

ता. क. मागणं आहे. रविवारी ती एका पेडलावर येईल. हसू नका. मीही असाच शिकलो, एवढं म्हणा. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

ता. क. दुसरा. वरचं खोडलं असं समजा. ती आत्ता काडेपेटी घेऊन आली, दात पाकिटात घाल म्हणाली. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"माहितीये," म्हणाली. "मी खिडकीतून बघितलं. पान्यावर उड्या मारत होतास."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू नळापाशी बसून रडत होतास ना." (रडत नव्हतो. गुडघा दुखत होता.) मग कानाशी येऊन म्हणाली, "पण बाबांना सांगू नको हां. ते हसतील तुला."

तेव्हा भाऊजी, तुम्हाला यातलं काही माहीत नाही. येताना छोट्या सायकलचा डावा दांडा आणा, बॅगेच्या तळाशी. आणि पाकिटात फक्त दातच निघाला, असं तिला सांगा.