आडनाव न विचारणारा एजंट

३ तारीख, सोमवार
इस्टेट एजंट असोसिएशनच्या वर्कशॉपला गेलो. डोळे उघडले. जात, धर्म, खाणंपिणं बघून घर नाकारणं हा शुद्ध नालायकपणा आहे! आजपासून गिऱ्हाइकाला आडनाव विचारणार नाही म्हणजे नाही. ऑफिसबाहेर पाटी लावली : ‘येथे सर्वांना घर मिळते.’ बायको म्हणाली, मग आपला वरचा फ्लॅट आधी दे की, कधीचा रिकामा पडलाय. तिला तत्त्व आणि फ्लॅट यांतला फरक कळत नाही.

४ तारीख
पाटी वाचून एक नर्स आली. ती आणि तिची आई, दोघीच. पंधरा तारखेला खोली सोडायचीय, आणि कुणी दारात उभं करत नाही. बिचारी! आडनाव विचारलं नाही. फक्त मूळ गाव, वडील काय करायचे, घरात काय शिजतं, एवढंच. ती म्हणाली, त्यापेक्षा आडनावच विचारा, लवकर उरकेल. जीभ जरा तिखट आहे.

८ तारीख
मालकांना फोन. सगळे एकजात मागासलेले. पहिला प्रश्न : आडनाव? मी ठणकावून सांगितलं, आम्ही विचारत नाही. ते म्हणाले, विचारून सांगा. विचारून सांगितलं. (मालकासाठी. माझं काही नाही.) सगळ्यांचं एकच उत्तर : घरी विचारून कळवतो. कसली माणसं ही!

११ तारीख, दुपारी
नर्स चौकशीला घरी आली, तिने आमच्या वरच्या मजल्याच्या बंद खिडक्या पाहिल्या. विचारलं, हा कुणाचा? म्हटलं, आत्या राहायला येणारेय. बायको मागून म्हणाली, आत्याला जिना चढवत नाही. माझी पंचाईत. नर्सला म्हटलं, घरी विचारून कळवतो. बायको समोरच उभी होती, पण अशा गोष्टी घाईत विचारत नसतात.

१३ तारीख
आनंदीआनंद! असोसिएशन मला ‘समान घर’ पुरस्कार देणार. पाटीचा फोटो त्यांना फार आवडला. भाषण लिहायला बसलो. नर्सचं बघायचं राहिलं.

१५ तारीख, रात्री
भाषण झकास झालं. ट्रॉफी घेऊन घरी आलो तर दारात टेम्पो. नर्सची आई माझ्या खुर्चीत बसून गाद्या मोजून घेत होती. बायकोने किल्ली देऊन टाकली! मी भडकलो, मला न विचारता? तर म्हणते, फ्लॅट माझ्या बाबांनी माझ्या नावावर केलाय, घरी विचारलं, मी हो म्हणाले.
असो. पाटी खरी ठरली. श्रेय अर्थात माझंच.

१६ तारीख
असोसिएशनला फोटो हवाय : मी, ट्रॉफी आणि मी घर मिळवून दिलेली भाडेकरू. वर गेलो. नर्सने दार अर्धंच उघडलं. विचारलं, मूळ गाव कुठलं? वडील काय करायचे? घरात काय शिजतं? सगळं खरं खरं सांगितलं. ती म्हणाली, आईला विचारून कळवते.
आई तिच्या मागेच उभी होती.
संध्याकाळ झाली, अजून कळवलेलं नाही. लोकांच्या मनातले पूर्वग्रह जाता जात नाहीत, हेच खरं. ट्रॉफी घेऊन जिन्यात बसलोय. बायको खालून ओरडतेय, वाटेतून ऊठ, भाडेकरूंना त्रास होतो.