तांब्या देव्हाऱ्यात ठेवू नये

बिस्मिल्लाह करून मी, खैरुन्निसा दाऊद तांडेल, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार वर्सोवा, अंधेरी पश्चिम, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. दडपण आणणारा मुलगा सध्या मस्कतला आहे.

१. घर. खोली एकच. माझ्या पश्चात मुलगा इम्तियाज याला दोन वाटे, मुलगी नसीम हिला एक. हे मी नाही, शरियतने ठरवलंय. हुज्जत माझ्याशी घालू नये. शिलाई मशीन नसीमला हयातीतच देऊन टाकली आहे. ती वापरत नाही, हे मला माहीत आहे.

२. पश्चिमेची भिंत. पाचही नमाजा मी तिच्याकडे तोंड करून पढते. तिच्यात खिळा ठोकू नये. इम्तियाजने तिथे त्याच्या मरहूम अब्बांचा मोठा फोटो लावला होता. मी काढून कपाटात ठेवला, तर साहेब दोन ईदा माझ्याशी बोलले नाहीत. अरे बाबा, त्यांच्यावर माझा जीव होता म्हणूनच काढला. सजद्यात जाताना तेच दिसायचे. कपाळ ज्याच्यापुढे टेकायचं तो एकच, आणि त्याचा फोटो निघत नाही.

३. पितळी तांब्या. शेजारीण सगुणा, मासळीवाली, हिचा नातू कृणाल लहानपणी तापाने फणफणला होता. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर मी सूरा फातिहा पढून तांब्यातल्या पाण्यावर फुंकर घातली, ते पाजलं आणि त्यांना डॉक्टरकडे पिटाळलं. ताप उतरला. डॉक्टरचं नाव कुणी काढलं नाही. माझा तांब्या मात्र हळदकुंकू लावून सगुणाच्या देव्हाऱ्यात, एकवीरा आईच्या शेजारी. परत मागायला गेले तर बाई माझ्याच पाया पडायला वाकली.

“ऊठ गं! मी कोण बरं करणारी? मी फक्त मागितलं.”

“मंग तूच माग ना नेहमी. तुजा ऐकतो तो.”

“तुझंही ऐकतो. तिथे वशिला लागत नाही.”

“मुंबईत? वशिल्याशिवाय?”

मी तांब्या घासून घरी आणला. तांब्या सगुणाला द्यावा. अट एकच, त्यात चहाचं पाणी ठेवावं. हळदकुंकू दिसल्यास नसीमने उचलून आणावा.

४. कबर. इम्तियाजने संगमरवराची चौकशी केली आहे, सगुणाने रोज दिवा लावायचं ठरवलं आहे. दोघांनी हात आवरावेत. साधी माती. दगड नको, नाव नको. काही वर्षांनी तिथे दुसरं कुणी येईल, त्यालाही जागा लागेल. दर्ग्यावर मीही गेले आहे, बुजुर्गांना सलाम केला आहे. पण मी बुजुर्ग नाही, नुसती म्हातारी आहे.

मरणाची भीती नाही. भीती ही, की सगुणा कबरीपाशी येऊन कृणालच्या नोकरीचं मागेल. अगं, तिथे मीच जाब देत असेन. माझ्याकडे कसली मागतेस? माझ्यासाठी माग. मेलेल्यासाठी जिवंतांनी मागायचं असतं, उलटं नाही. अरबी येत नाही म्हणून अडून बसू नकोस. तुझ्या कोळी बोलीत माग, त्याला कळते. मला तुझी गरज लागणार आहे.

ठिकाण: वर्सोवा
तारीख: ७ नोव्हेंबर २०२५, जुम्मा

लिहून ठेवणार: खैरुन्निसा दाऊद तांडेल

साक्षीदार:
१. देवदत्त पाटणकर, वकील. (दडपणाचं वाक्य गाळायला सांगितलं होतं. ऐकलं नाही.)
२. सगुणा अनंता चिंचय. (सगला वाचून दाखवला. मागीन. पन तू घाई नको करूस, खैरू.)