दगडावरचा 'सगळ्या'

नाशिक, रविवार, संध्याकाळ

खापरपणजोबांच्या स्मृतिशिळेचा मजकूर मीच लिहून दिला: शेतकरी, लोकल बोर्डाचे सभासद, सगळ्या गावासाठी विहीर आणली. इंग्रजांच्या काळात बोर्डाशी भांडून त्यांनी ती मंजूर करून घेतली, हे खरंच. पण 'सगळ्या'?

मला घरी वाचायला शिकवणाऱ्या आजोबांनीच सांगितलं होतं, की आता ज्याला बौद्धवाडा म्हणतात, तिथल्या बायका विहिरीपासून लांब बसून राहायच्या. कुणी वरून ओतलं तर पाणी. बाबांना आठवण करून दिली, तर हसले. "अगं, दगडावर कौतुकच कोरतात. तू काय साक्षीला उभी आहेस?" मीही हसले. का हसले?

त्याच वाड्यातल्या वैशालीने, माझ्या वर्गमैत्रिणीने, मजकुराचा फोटो पाहिला. "सगळ्या? बरं," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

म्हणून आत्ता कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, 'सगळ्या' तर कोरून झालं. खाली अजून एक ओळ बसेल. सांगा, काय टाकू?"

ओळ मनात तयार होती. समोर बाबा चहा पीत होते. ऐकत होते.

"काही नको," मी म्हणाले. "जागा रिकामीच राहू द्या."